नदी, फूल, दगड: मुलांच्या निसर्गनावांचा विचार

नदी, झाड, फूल, पक्षी, ऋतू, महिना, नक्षत्र, वारा किंवा पाऊस यांच्यावरून ठेवलेल्या नावाला निसर्गनाव म्हणता येते. मराठी घरांत अशा नावांची कधीच वानवा नव्हती. गोदावरी, यमुना, भागीरथी या नद्या. जाई, जुई, सायली, शेवंता, केतकी, बकुळा, प्राजक्ता ही फुले. मैना, सारिका, कोकिळा हे पक्षी. रोहिणी, अश्विनी, रेवती, स्वाती ही नक्षत्रे. श्रावणी आणि फाल्गुनी हे महिने. ही नावे इतकी रुळली आहेत की हाक मारताना त्यांतला निसर्ग कुणाला जाणवतही नाही. वाद सुरू होतो तो नाव अनोळखी असले की. अरण्या, अद्रिजा, नभा, पर्णवी, मेघ, विहंग अशी नावे पालक सुचवतात, आणि घरातल्या मोठ्यांना ती परकी वाटतात. ज्या नावात देव नाही, आजी-पणजीची आठवण नाही, ते नाव मुलाला का द्यायचे, असा त्यांचा प्रश्न असतो.

देवनहळ्ळीसारख्या गावात या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. बेंगळुरूच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेले हे तालुक्याचे गाव एके काळी किल्ल्यासाठी, द्राक्षमळ्यांसाठी आणि चकोता या पपनसासाठी ओळखले जाई. मे २००८ मध्ये या तालुक्यात विमानतळ सुरू झाला आणि मळ्यांशेजारी गृहसंकुले उभी राहिली. बेंगळुरू परिसरात मराठी बोलणारी घरे शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून आहेत. त्यांत आता पुण्या-नागपुराकडून आणि बेळगावाकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांची भर पडली आहे. या घरांत जन्मलेल्या मुलाला आई मराठीत हाक मारते, शेजारी कन्नड किंवा तेलुगूत, आणि शाळेत बाई इंग्रजी वळणाने. नाव कसे असावे याबद्दलची मते इथे पुस्तकी राहत नाहीत. ती रोजच्या कानावरून ठरतात.

निसर्गनावांना विरोध अलीकडचा आहे असे मानले जाते, ते खरे नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी विवाह करू नये याची यादी आहे. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी किंवा साप यांच्यावरून नाव असलेली मुलगी त्या यादीत येते. भीती वाटेल असे नाव असलेलीही येते. हा नियम पाळला गेला असता तर महाराष्ट्राच्या इतिहासातून कितीतरी स्त्रिया पुसल्या गेल्या असत्या. छत्रपती राजाराम महाराजांच्या राणी ताराबाई, नारायणराव पेशव्यांच्या पत्नी गंगाबाई, १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे, वारली आदिवासींच्या लढ्यात उतरलेल्या गोदावरी परुळेकर, या सगळ्यांची नावे तारा किंवा नदी यांवरूनच आहेत. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले तेव्हा नायिकेचे नाव त्यांनी नदीचेच निवडले. शास्त्राने नको म्हटले, लोकांनी ऐकले नाही. घरच्या नदीचे नाव लेकीला देण्यात आयांना काही वावगे वाटले नाही, आणि त्यांचेच बरोबर होते.

मनुस्मृतीच्याच दुसऱ्या अध्यायातला एक नियम मात्र समाजाने फार काळ पाळला, आणि तो अधिक क्रूर होता. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे तुच्छतादर्शक असावे, असे तिथे सांगितले आहे. त्यामुळे निसर्गातून आलेल्या नावांची वाटणीही जातीनुसार झाली. कमळ, चंद्र आणि मेघ काहींच्या वाट्याला आले. दगड, धोंडा, केर आणि कचरा इतरांच्या. दगडू, धोंडू, केरू, कचरू या नावांमागे दुसरेही एक कारण होते. ज्या घरात मुले जगत नसत तिथे पुढच्या मुलाला मुद्दाम ओबडधोबड नाव देत, म्हणजे त्याच्यावर दृष्ट पडू नये आणि ते दगडासारखे टिकावे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे धोंडो केशव कर्वे यांच्या नावात धोंडा आहे. पुण्यात ज्यांच्या नावाने गणपती प्रसिद्ध झाला ते मिठाईवाले दगडूशेठ गडवे मूळचे कर्नाटकातले लिंगायत होते, त्यांच्या नावात दगड आहे. जातीच्या वरच्या पायरीवर असे नाव एखाद्या मुलासाठी केलेला उपाय असे. खालच्या पायरीवर ते पिढ्यानपिढ्यांचे माप होते. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या त्यांच्या ‘बलुतं’मध्ये दगडू पवार हाच आपली कहाणी सांगतो, आणि ते नाव वाचकाला बोचत राहते. १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, सुजाता, प्रज्ञा अशी नावे घराघरांत आली. मुलाला मनाजोगते नाव देण्याचा हक्कच ज्यांना उशिरा मिळाला, त्यांनी काय निवडावे यावर इतरांनी नाक मुरडणे शोभत नाही. विचित्र नावांबद्दलच्या प्रत्येक चर्चेत ही गोष्ट आधी आठवायला हवी.

नावांच्या वाटणीत दुसरा भेद मुलगा-मुलगी असा आहे, आणि त्याला तर्क फारसा नाही. सहा ऋतूंपैकी वसंत, शरद, हेमंत आणि शिशिर मुलांना मिळाले. वर्षा मुलीची झाली. ग्रीष्म जवळजवळ कुणीच घेतला नाही. अलीकडे ग्रीष्मा हे मुलीचे नाव क्वचित ऐकू येते. नद्या मुलींच्या, समुद्र आणि पर्वत मुलांचे. वाऱ्याची नावे, म्हणजे अनिल, समीर, पवन, मुलांची. त्यांपैकी अनिल हे तर कवी आ. रा. देशपांडे यांनी टोपणनाव म्हणून घेतले. फुले बहुधा मुलींची, पण कमळ याला अपवाद आहे. राजीव, अरविंद, पंकज ही मुलांची नावे आणि नलिनी, पद्मजा, सरोजिनी, कमल ही मुलींची नावे, सगळी एकाच फुलाची. वि. वा. शिरवाडकरांनी कुसुमाग्रज हे नाव घेतले ते धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून. बहिणीचे फुलाचे नाव अशा रीतीने भावाच्या ओळखीत कायमचे राहिले.

आजचे अनोळखी निसर्गनाव बहुतेक वेळा दोन वाटांनी घरात येते. पहिली वाट जुनीच आहे. बाराव्या दिवशी बारसे असते, आणि बाळाच्या जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर ठरवण्याची रीत पुष्कळ घरांत अजून आहे. रोहिणी नक्षत्रासाठी ओ, वा, वी, वू ही अक्षरे येतात. ‘ओ’वरून ओळखीची नावे थोडी, म्हणून मग बाकीच्या अक्षरांत शोध सुरू होतो आणि वीची म्हणजे लाट, वारिजा म्हणजे कमळ अशी नावे कोशातून वर येतात. आर्द्रेच्या वाट्याला आलेल्या अक्षरांत ‘ङ’ आहे. त्यावरून नाव ठेवणे अशक्यच, म्हणून तिथे दुसरे अक्षर घ्यावे लागते. म्हणजे आजीला ज्या नावाचे नवल वाटते, त्याच्या नवलाईला कधी कधी आजीचीच पंचांगनिष्ठा कारण असते.

दुसरी वाट नवी आहे. वर्गात आपल्या मुलाच्या नावाचे दुसरे मूल नको, असे पालकांना वाटते. मग पृथ्वीला अवनी, धरा, इला, मेदिनी असे शब्द एकामागून एक तपासले जातात. नर्मदा सोडून रेवा निवडली जाते. कधी मूळ शब्दाला ‘आ’ लावून मुलीचे नाव घडवले जाते: नभचे नभा, अरण्यचे अरण्या. व्याकरणाची चाड असणाऱ्यांना हे खटकते आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. अरण्यावरून मुलीचे नाव हवे तर भाषेत ते आधीपासून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात अरण्यानी या वनदेवतेचे सूक्त आहे. घडवलेल्या अरण्यापेक्षा जुनी अरण्यानी अर्थानेही भरीव आणि कानालाही वेगळी. तरीही नवे नाव घडवण्यास सरसकट नकार देणे योग्य नाही, कारण आज रुळलेली कित्येक नावे कधी ना कधी कुणीतरी पहिल्यांदा ठेवलेलीच होती.

देवनहळ्ळीच्या आसपासचे निसर्ग आणि नाव यांचे नाते पाहिले तर मराठी पालकांना बरेच काही हाती लागते. जवळच्या नंदी टेकड्यांच्या परिसरात अर्कावती, पालार, चित्रावती आणि उत्तर व दक्षिण पिनाकिनी या नद्या उगम पावतात. कर्नाटकात मुलींना कावेरी, तुंगा, शरावती, नेत्रावती, हेमावती अशी नद्यांची नावे सर्रास आहेत. अर्कावतीच्या नावावरूनच हेसरघट्ट येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेने आपल्या वाणांना ‘अर्का’ हे उपपद दिले. अर्का रक्षक हा टोमॅटो शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. नदीचे नाव वाणाला चालते, तर अर्कावती हे मुलीला चालू नये असे काही नाही. इथे जन्मलेल्या मराठी मुलीला कोशातल्या एखाद्या दूरच्या शब्दापेक्षा ते नाव जास्त शोभेल.

झाडांची गोष्ट वेगळी. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हुणसमारनहळ्ळी लागते. तिच्या नावात ‘हुणसे मर’, म्हणजे चिंचेचे झाड, आहे. देवनहळ्ळी तालुक्यातच नल्लूरचे चिंचबन आहे. सुमारे ५४ एकरांवरच्या या जुन्या बनाला २००७ साली देशातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करण्यात आले. इतके मानाचे झाड, पण चिंच हे नाव मुलीला कुणी देत नाही, ना कन्नडमध्ये ना मराठीत. महाराष्ट्रातही चिंचवड, वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, आंबेगाव अशी गावे आहेत. मोठी फळझाडे आणि सावलीची झाडे गावांना मिळाली, फुलझाडे आणि वेली मुलींना. माणसाला झाडाचे नाव मिळाल्याचे ठळक उदाहरण इथले म्हणजे सालुमरद तिम्मक्का. हुळिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेने तिने आणि तिच्या नवऱ्याने वडाची ३८५ झाडे लावून वाढवली. ‘सालुमरद’, म्हणजे झाडांच्या रांगेची, हे उपपद तिला लोकांनी दिले आणि २०१९ च्या पद्मश्रीच्या यादीतही ते तिच्या नावासोबत होते. जन्मनावापेक्षा कमावलेले निसर्गनाव मोठे ठरले.

धाडसी निसर्गनावांचा कन्नडमधला सर्वांत सुंदर दाखला कुवेंपु यांच्या घरचा आहे. या थोर कवीने एका मुलाचे नाव पूर्णचंद्र तेजस्वी ठेवले आणि दुसऱ्याचे कोकिलोदय चैत्र. मुलींची नावे इंदुकला आणि तारिणी. कोकिळेचा उदय आणि चैत्र महिना एकाच नावात आणणे आजच्या पालकांनाही जमणार नाही. थोरला मुलगा पुढे स्वतः मोठा लेखक आणि निसर्गनिरीक्षक झाला. नावाने माणूस घडतो असा दावा यातून करता येत नाही. पण विलक्षण नाव मुलाला जड जाते या सरसकट मताला हे उत्तर आहे.

याउलट देवनहळ्ळीच्या सर्वांत प्रसिद्ध सुपुत्राचे नाव निसर्गातले समजले जाते आणि ते तसे नाही. टिपू सुलतानाचा जन्म इथे झाला. टिपू म्हणजे वाघ, असे अनेकांना वाटते, कारण वाघ हे त्याचे राजचिन्ह होते. प्रत्यक्षात कन्नडमध्ये वाघाला हुली म्हणतात आणि त्याचे नाव अर्काटच्या टिपू मस्तान औलिया या संतावरून ठेवले होते.

बेंगळुरूच्या जवळच राहणाऱ्या हक्की-पिक्की समाजाची नावे वर्तमानपत्रांतून गाजली आहेत. गुगल, हायकोर्ट, कॉफी, म्हैसूरपाक अशी नावे त्यांनी मुलांना दिली. पूर्वी पक्षी पकडून जगणारा हा समाज आहे. जे भोवती दिसते आणि मोलाचे वाटते त्याचे नाव मुलाला द्यायचे, ही त्यांची रीत. ती रीत हसण्यासारखी मुळीच नाही. नदीकाठच्या माणसाने लेकीला गोदावरी म्हटले ते याच न्यायाने.

विरोधी मतांपैकी काही मात्र गंभीरपणे घ्यावीत अशी आहेत. पहिले उच्चाराचे. याबाबतीत कर्नाटकात मराठी नाव सुखात राहते. ‘ळ’ कन्नडमध्ये आहे, म्हणून बकुळा आणि मंजुळा इथे जशाच्या तशा उच्चारल्या जातात; उत्तरेत त्यांचा ‘ल’ होतो. ‘ऋ’चा उच्चारही कन्नड माणूस मराठीसारखा ‘रु’ करतो, म्हणून ऋतुजाची रितुजा होत नाही. अडचण रोमन लिपीत येते. कर्नाटकात ‘त’ लिहायला टीएच वापरतात आणि टी हे अक्षर ‘ट’साठी ठेवतात. महाराष्ट्रात स्वाती, सरिता, अदिती ही नावे साध्या टीने लिहिली जातात. रुग्णालयाने एक स्पेलिंग लिहिले आणि घरच्यांनी दुसरे, की पुढे आधार, पासपोर्ट आणि शाळेच्या दाखल्यात तफावत उरते.

दुसरे मत अर्थाचे. शेजारच्या भाषेत नावाचा अर्थ बदलू शकतो. मृग म्हटले की मराठी माणसाला हरीण किंवा पावसाचे नक्षत्र आठवते. कन्नडमध्ये तो शब्द जनावराला वापरतात आणि प्राणिसंग्रहालयाला मृगालय म्हणतात. मृगा हे नाव ठेवण्याआधी हे माहीत असावे. अबोलीचे फूल देवनहळ्ळीच्या बाजारातही गजऱ्यात विकले जाते, पण कनकांबर या नावाने. त्यामुळे अबोली नावाच्या मुलीला आपल्या नावाचे फूल दाखवून द्यावे लागते, आणि त्यात बिघडत काही नाही. सोनचाफ्याला इथे संपिगे म्हणतात. नंदिनी हे चांगले जुने नाव, पण कर्नाटकात ते दुधाच्या पिशवीवर रोज दिसते. काळही अर्थ बदलतो. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात धडकलेल्या चक्रीवादळाचे नाव निसर्ग होते. त्यात ज्यांची घरे आणि बागा गेल्या त्यांना निसर्ग हे मुलाचे नाव ऐकून दुसरेच काही आठवेल.

आडनाव हीसुद्धा तपासण्याची बाब. मराठी आडनावांतच निसर्ग खच्चून भरला आहे: डोंगरे, ढगे, फुले, जांभळे, वाघ, कोल्हे, गरुड, कावळे. त्यापुढे मेघ किंवा अद्री ठेवले तर एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी येतात. पूर्ण नाव मोठ्याने वाचून पाहिले की हे लगेच कळते.

जुन्या आणि नव्या मतांना जोडणारी नावेही आहेत आणि मतभेद असलेल्या घरांनी त्यांचा आधी विचार करावा. मल्हार म्हटले की आजोबांना खंडोबा दिसतो आणि तरुण आईवडिलांना पावसाचा राग ऐकू येतो. हाच देव कर्नाटकात मैलार म्हणून पुजला जातो, म्हणून हे नाव देवनहळ्ळीतही परके वाटत नाही. पारिजात, तारा, भूमी, चंदना ही नावे दोन्ही भाषांत जशीच्या तशी चालतात. चैत्रा हे कर्नाटकात मुलींचे लाडके नाव आहे. मराठीत त्याच महिन्यावरून चैत्राली होते.

परदेशातही हा वाद आहे. आइसलँडमध्ये नावांना मंजुरी देणारी सरकारी समिती १९९१ पासून काम करते. ‘मंद झुळूक’ असा अर्थ असलेला शब्द तिथल्या व्याकरणात पुल्लिंगी, म्हणून एका मुलीला ते नाव अधिकृतपणे नाकारले गेले. ती १५ वर्षांची असताना, जानेवारी २०१३ मध्ये, रेक्याविकच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत १९७० साली जन्मलेल्या रिव्हर फिनिक्स या नटाच्या दोन बहिणींची नावे पाऊस आणि उन्हाळा या अर्थांची होती, आणि भाऊ वाकीन लहानपणी पान या अर्थाचे नाव लावत असे. आपल्याकडच्या वर्षा-सरितांच्या घरात या भावंडांना कुणी वेगळे मानले नसते.

भारतात अशी मंजुरी देणारी समिती नाही. मर्यादा आहेत त्या मुदतीच्या. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, आणि ती नावाशिवायही देता येते. बाळाचे नाव त्यानंतर, नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत, विनाशुल्क भरता येते. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क घेऊन नोंद होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्या तारखेनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे, आणि नोंदलेले नाव नंतर बदलायचे तर प्रतिज्ञापत्र, जाहिरात, राजपत्र अशी यातायात करावी लागते. तेव्हा बारशाच्या घाईत अनोळखी नाव कागदावर चढवू नये. पाळण्यात ते ठेवावे, काही महिने त्या नावाने हाक मारावी, कन्नड शेजाऱ्यांकडून म्हणवून घ्यावे, आत्याचे आणि आजीचे मत विचारावे, रोमन स्पेलिंग एकच ठरवावे, आणि वर्ष संपण्याआधी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन नोंद पक्की करावी.